प्रश्न क्रमांक चौदा

त्या ऑक्टोबरात आम्ही बारा जण, ब्रातिस्लाव्हात,
बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर
कानाला फोन लावून देशाचं मत गोळा करायचो.
पूर्ण भरलेल्या अर्जाला सव्वा युरो,
अर्धवटाला काही नाही.

प्रश्न क्रमांक चौदा:
ग्रीसला कर्ज मिळावं म्हणून
आपल्या देशानं जामीन राहावं का?
होय. नाही. सांगता येत नाही.

बार्देयोव्हच्या व्लास्ताबाई हुदाकोवा, वय सत्तर,
बुटांच्या कारखान्यातून निवृत्त,
म्हणाल्या, थांब रे, फोन खांद्यात धरते,
हात कोबीत आहेत.
त्या दिवसांत तिकडे घरोघर
कोबी चिरून मिठात मुरवतात, पिंपंच्या पिंपं.

आधी तेरावा विचारला, नियमाप्रमाणे.
शून्य म्हणजे अगदी डावे, दहा म्हणजे अगदी उजवे,
तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल?
"डाव्याला संधिवात आहे. उजव्याला मीठ लागलंय.
लिही काय लिहायचं ते."
मी पाच लिहिलं.

मग चौदावा.
"त्यांना पेन्शन किती असते?"
मला माहीत नव्हतं.
"आपल्यापेक्षा जास्त, असं टीव्हीवर ओरडतात.
मला तीनशे बारा. त्यातले नव्वद थंडीत गॅसला.
म्हणजे मी तीनशे बारावाली जामीन राहायची.
लिही, नाही."
मी 'नाही'वर बोट नेलं.

"थांब."
कोबी दाबल्याचा आवाज, ओला, करकरीत.
"एकोणपन्नास साली आम्ही क्रनोव्हला होतो,
वडील कापडगिरणीत.
तिथे पोरांनी भरलेल्या गाड्या आल्या,
त्यांच्याकडच्या यादवीतून.
माझ्या बाकावर थानासिस बसवला.
डोकं भादरलेलं, आणि दोन्ही बूट डाव्या पायाचे.
कोणीतरी दिलेले. तेच घालून चालायचा.
आमची साखर कार्डावर होती,
तरी आई डब्यात पावाचे दोन तुकडे जास्त ठेवायची.
आम्हाला कुणी फोन करून विचारलं नव्हतं.
फोनच नव्हता म्हणा.

शाळेच्या दारावर फलक असायचा, लाल कापडावर: एकजूट.
परवा तोच शब्द मंत्र्याच्या तोंडात, टायच्या वर.
शब्दाचं काय, खुंटीवरचा कोट,
ज्याला थंडी वाजली त्यानं घालावा.

पुढे तो बायकोपोरं घेऊन परत गेला, वोलोसला.
दर नाताळला संत्र्यांची पेटी पाठवायचा.
गेल्या वर्षी आली नाही."

का आली नाही, मी विचारलं नाही.
अर्जात तेवढी जागा नव्हती.

"आता तू सांग. हे पैसे थानासिसला मिळणार,
की त्याला उधार देत सुटलेल्या बँकेला?"
बाई, माझ्याकडे तीनच रकाने आहेत.
"मग थानासिसला होय लिही. बँकेला नाही लिही.
हातउसनं मी त्याला आजही देईन,
पण सावकाराचा तोटा माझ्या गॅसच्या बिलात का?
आणि उरला त्यात विचार,
आमचं बुडालं तर आमचा जामीन कोण."

माझ्या खुर्चीमागे सुपरवायझर घड्याळ बघत उभी.
अकरा मिनिटं. ठरलेली होती सहा.
मी 'सांगता येत नाही'वर खूण केली.
पलीकडून व्लास्ताबाई कोबीत जिरं किती, ते सांगत होत्या.

मंगळवारी संसदेनं हमी फेटाळली, सरकार पडलं.
गुरुवारी त्याच संसदेनं तीच हमी मंजूर केली.
शनिवारी आमचा रंगीत तक्ता छापून आला,
'सांगता येत नाही' नऊ टक्के, करड्या रंगात,
आणि सगळ्याची बेरीज एकशे एक.
खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं,
पूर्णांकामुळे फरक पडू शकतो.

त्या अर्जाचा सव्वा युरो मिळाला मला.
बाजारात संत्री होती, एक वीसला किलो.
घेतली.
पाच सेंट उरले.